सोपी भाषा, समर्थ भाषा

काही वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात आम्ही संगणकाचा तास पाहायला बसलो होतो. अकरावीचा वर्ग, पहिल्या आठवड्यातले प्रात्यक्षिक. काम एवढेच, की दोन संख्यांची बेरीज करून ती पडद्यावर दाखवायची. फळ्यावर सी++ भाषेतला प्रोग्रॅम लिहिलेला होता आणि मुले तो पाहून टाइप करत होती. एका मुलीच्या पडद्यावर चुकांची लांबलचक यादी आली. तिने दोनदा सगळे पुसून पुन्हा टाइप केले. यादी पुन्हा आली. प्रत्यक्षात चूक एकच होती. एका ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला होता. सरांनी तो दाखवल्यावर ती हळूच म्हणाली, "सर, माझं गणित पहिल्यापासून कच्चंच आहे."

बेरीज तर तिला दुसरीपासून येत होती! जे तिला येत नव्हते त्याचा गणिताशी काही संबंध नव्हता. पण दोष कोणाचा हे ठरवण्याइतकी माहिती तिच्यापाशी नव्हती, म्हणून तिने तो स्वतःकडे घेतला. भाषा चुकीची निवडली तर काय बिघडते, असे कोणी विचारले की आम्हाला हा प्रसंग आठवतो.

आपण पुस्तकाचे परीक्षण करतो, नाटकाचे करतो. संगणकाच्या भाषाही माणसांनीच रचलेल्या आहेत. त्यांच्या रचनाकारांनी काही गोष्टी घेतल्या, काही मुद्दाम टाकल्या. मग त्यांचेही परीक्षण का करू नये? या लेखात तसा प्रयत्न करू. कसोटी एकच ठेवू : भाषा सोपी हवी आणि तिच्यात मनातले सांगताही आले पाहिजे. या दोन मागण्यांचा मेळ कोणी कसा घातला, आणि त्याची किंमत कोणी मोजली?

सोपे म्हणजे नेमके काय?

आधी या शब्दाचा घोळ मिटवू. त्यासाठी संगणकाकडे जायची गरज नाही. जून 2019 मधला वाद शिक्षकांना आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक', 'पंचेचाळीस'बरोबर 'चाळीस पाच' असे संख्यावाचन सुचवले होते. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. वर्तमानपत्रांत, विधिमंडळात, घराघरांत त्यावर चर्चा झडली.

गणित म्हणून पाहिले तर सूचना सरळ होती. नव्या पद्धतीत 1 ते 20 चे वीस शब्द आणि तीस ते नव्वद हे सात, असे 27 शब्द आले की 99 पर्यंतची कोणतीही संख्या बोलता येते. जुन्या पद्धतीत जवळजवळ प्रत्येक संख्येला स्वतंत्र शब्द आहे. शिवाय आपण 45 लिहिताना 4 आधी लिहितो आणि बोलताना 'पंचे' आधी म्हणतो. 'चाळीस पाच'मध्ये हा उलटेपणा राहत नाही.

मग विरोध का झाला? केवळ सवयीपोटी, असे म्हणून चालणार नाही. मुलाची आजी 'पंचेचाळीस' म्हणते, किराणा दुकानदार 'पंचेचाळीस' म्हणतो, एसटीचा कंडक्टरही तेच म्हणतो. ज्या मुलाला फक्त 'चाळीस पाच' कळते, त्याला वर्गाबाहेरच्या जगाशी बोलताना अडचण येणार. पुस्तकाने दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या होत्या, त्या याचसाठी.

यातून 'सोपे' या शब्दाचे तीन वेगळे अर्थ हाती लागतात. एक, नियम थोडे असणे. दोन, सुरुवात करायला सोपे असणे. तीन, इतरांचे म्हणणे समजायला सोपे असणे. तिन्ही एकत्र येतीलच असे नाही. मोडी लिपीचे पाहा. तिच्यात हात न उचलता भरभर लिहिता येते, ऱ्हस्व-दीर्घाची चिंता नाही. लिहिणाऱ्याला सोपी. पण 'दिन' की 'दीन' हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे. लिहिणाऱ्याचे कमी झालेले कष्ट नाहीसे झाले नाहीत, ते वाचणाऱ्याकडे गेले.

हा मुद्दा पक्का लक्षात ठेवू या. भाषेतून काढून टाकलेली गुंतागुंत बहुधा दुसरीकडे कोठे तरी जाऊन बसते. ती कोठे गेली हे शोधणे म्हणजेच भाषेचे परीक्षण.

एक नमुना गणित

सगळ्या भाषांना एकच प्रश्न विचारू. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद आपल्याला माहीत आहे. पडलेला पाऊस मोजायचा, गावात किती पाणी साठले याचा अंदाज काढायचा, त्यातून आधी माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचे पाणी बाजूला ठेवायचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणते पीक किती घ्यायचे हे ग्रामसभेत ठरवायचे. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस-केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिके नकोत, असे नियमही गावाने केले.

आपण एक काल्पनिक गाव घेऊ. पुढचे आकडे हिवरे बाजारचे नव्हेत, वर्गात वापरण्यासाठी धरलेले आहेत. क्षेत्र 500 हेक्टर, पाऊस 300 मिलिमीटर. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 घनमीटर पाणी. म्हणून एकूण पाणी 500 × 300 × 10 = 15,00,000 घनमीटर. त्यातला दहावा हिस्सा साठला असे मानू, म्हणजे 1,50,000 घनमीटर. लोकसंख्या 1,000 आणि माणशी रोज 55 लिटर धरले तर वर्षाला 20,075 घनमीटर लागतात. उरले 1,29,925. गव्हाला हेक्टरी ढोबळमानाने 4,000 घनमीटर धरले तर सुमारे 32 हेक्टर गहू होईल. उसाला 20,000 धरले तर जेमतेम 6 हेक्टर. जनावरांचे पाणी आपण सोपेपणासाठी सोडून दिले आहे. ते मुलांना घालायला सांगावे.

गणित पाचवी-सहावीचे आहे. आता हे वेगवेगळ्या भाषांत मांडले तर काय होते?

बेसिक : दार मोठे, घर लहान

बेसिक ही भाषा 1 मे 1964 रोजी अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात पहिल्यांदा चालली. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी ती रचली. विज्ञान शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा हा हेतू होता. जेमतेम 15 प्रकारच्या आज्ञा. एक ओळ, एक आज्ञा, प्रत्येक ओळीला क्रमांक. आपल्याकडे 1984 साली 'क्लास' प्रकल्पातून सुमारे 250 शाळांत बीबीसी संगणक आले, तेव्हा मुलांना भेटलेली पहिली भाषा बेसिकच होती.

आपले पाण्याचे गणित बेसिकमध्ये सात-आठ ओळींत होते. पहिल्याच तासाला मूल ते लिहू शकते, चालवू शकते. याबद्दल बेसिकला पूर्ण गुण द्यायला हवेत.

पण आता गणित थोडे वाढवू. एका गावाऐवजी दहा गावे, एका पिकाऐवजी चार पिके. मूळ बेसिकमध्ये चलाचे नाव एक अक्षर, किंवा एक अक्षर आणि एक अंक एवढेच. म्हणजे 'पाऊस', 'ज्वारी', 'हरभरा' ही नावे गेली, उरले पी, जे1, एच2. एखादा हिशेब वेगळा काढून त्याला नाव द्यायचे म्हटले तर एका ओळीत मावेल एवढेच सूत्र देता येते. त्याहून मोठे असेल तर 'अमुक क्रमांकाच्या ओळीवर जा आणि परत ये' म्हणायचे. त्या ओळीवर काय आहे हे नावावरून कळत नाही, तेथे जाऊन पाहावे लागते. प्रोग्रॅम शंभर ओळींचा झाला की मुलगा स्वतःच लिहिलेले आठवड्याने वाचू शकत नाही.

भाषेत नियम थोडे होते हे खरे. पण जी गुंतागुंत भाषेने नाकारली ती प्रोग्रॅममध्ये येऊन बसली. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी 1975 मध्ये बेसिकवर फार कडक टीका केली. बेसिक शिकलेल्या विद्यार्थ्यांची बुद्धी कायमची बिघडते अशा आशयाचे ते विधान होते. ते आम्हाला मान्य नाही. मुले इतकी नाजूक नसतात. बेसिकचा दोष वेगळा आहे : ती मुलाला दारातून आत घेते, पण आत फिरायला जागा देत नाही. बीबीसी संगणकावरच्या बेसिकमध्ये कामाला नाव देण्याची सोय केलेली होती. पण वर्गांत शिकवले जाई ते बहुधा जुन्या वळणाचे 'गोटू'.

पास्कल : शिस्तीचा फायदा आणि शिस्तीचा जाच

स्वित्झर्लंडचे निक्लाउस विर्थ यांनी 1970 मध्ये पास्कल प्रसिद्ध केली. शिकवण्यासाठी रचलेली, नीटनेटकी, 35 राखीव शब्दांची भाषा. विर्थ 1 जानेवारी 2024 रोजी वारले, तोवर भाषा लहान ठेवण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही. त्यांच्या ओबेरॉन या पुढच्या भाषेचे संपूर्ण वर्णन सोळा-सतरा पानांत मावते.

पास्कलमध्ये 'महिना म्हणजे 1 ते 12 मधली संख्या' असे आधीच सांगून ठेवता येते. मग कोणी तेरावा महिना भरू पाहिला तर भाषा हरकत घेते. हा गुण अनेकदा नजरेतून सुटतो. काय चालेल हे सांगण्याइतकेच काय चालणार नाही हे सांगता येणे, हीसुद्धा भाषेची ताकद आहे. ग्रामसभेने 'ऊस नको' म्हणणे हाही ताळेबंदाचाच भाग असतो ना!

पण हीच शिस्त पुढे जाचते. जूनचे रोजचे पावसाचे आकडे 30, जुलैचे 31. आपण जूनची सरासरी काढणारा एक भाग लिहिला. तो जुलैला वापरता येईल का? मूळ पास्कलमध्ये येत नाही. कारण 30 घरांची यादी आणि 31 घरांची यादी हे तिच्या लेखी दोन वेगळे प्रकार आहेत. गुरुजी जूनची सरासरी शिकवून गेले आणि जुलैसाठी दुसरे गुरुजी आणावे लागले, तसे हे झाले. पळवाट अशी की सगळ्याच महिन्यांना 31 घरे द्यायची आणि खरी किती हे वेगळे सांगायचे. म्हणजे फेब्रुवारीत तीन रिकामी घरे सांभाळत बसायचे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचे ब्रायन कर्निगन यांनी 1981 मध्ये पास्कलवर जो टीकालेख लिहिला, त्यातली मुख्य तक्रार याच जातीची होती. 1983 च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात यावर उपाय आला, पण तोही ऐच्छिक पातळीवर.

पास्कलबद्दल आमचे मत असे : ती सुंदर भाषा आहे, पण तिच्या रचनाकाराने सोपेपणाची एक मर्यादा आखली आणि विद्यार्थी ती ओलांडणार नाही असे गृहीत धरले. विद्यार्थी मात्र ओलांडतोच.

सी++ : सगळे आहे, म्हणूनच अडचण

आता दुसरे टोक. डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी 1979 पासून सी भाषेत भर घालायला सुरुवात केली. 1983 मध्ये तिला सी++ हे नाव मिळाले. सी भाषेत, 1989 च्या प्रमाणानुसार, 32 राखीव शब्द होते. 1998 च्या प्रमाणित सी++मध्ये ते साठाहून अधिक झाले आणि पुढे वाढतच गेले. तिच्यात सरासरी काढणारा भाग एकदा लिहिला की तो 30 दिवसांना चालतो, 31 ला चालतो, पूर्णांकांना चालतो, अपूर्णांकांना चालतो. आणि तोही संगणकाचा वेग जराही न घालवता. मोठमोठी कामे या भाषेत उभी राहिली ती उगीच नाही.

मग अकरावीच्या त्या मुलीचे काय? आपल्या राज्याच्या उच्च माध्यमिक संगणकशास्त्रात सी++ अनेक वर्षे शिकवली गेली. कित्येक प्रयोगशाळांत ती 1990 च्या दशकारंभीच्या टर्बो सी++वर चाले. तिथला पहिला प्रोग्रॅम आठवा. 'हॅश इन्क्लूड आयोस्ट्रीम डॉट एच', 'हॅश इन्क्लूड कोनिओ डॉट एच', 'व्हॉइड मेन', 'क्लिअर स्क्रीन' आणि शेवटी 'गेट-सीएच'. बेरजेची ओळ मध्ये कुठे तरी एक. बाकीच्या ओळींचा अर्थ विचारला की उत्तर मिळे, "ते तसंच लिहायचं असतं." आणि गंमत अशी, की 1998 च्या प्रमाणानंतर यातल्या पहिल्या ओळीला आणि 'व्हॉइड मेन'ला भाषेत जागाच उरली नाही. मुले जे मंत्रासारखे पाठ करत होती ते भाषेने कधीच सोडून दिले होते.

यात सी++चा दोष किती? आम्हाला वाटते, फार थोडा. शिकवण्यासाठी ती रचलेलीच नव्हती. ट्रॅक्टर शिकाऊ मुलाच्या हाती दिला म्हणून ट्रॅक्टर वाईट ठरत नाही. दोष निवडीचा आहे. 'उद्योगात हीच चालते' हे कारण तेव्हा दिले जाई आणि ते खोटे नव्हते. संख्यावाचनाच्या वादात आजीचे 'पंचेचाळीस' होते, तसेच हे. पण आजीचा शब्द शिकवताना आपण मुलाला तो समजावून देतो. येथे ती पायरीच गाळली गेली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2020 च्या सुमारास सी++ सोडून पायथॉन पूर्णपणे स्वीकारली.

जाता जाता एक गोष्ट नोंदवू. 1995 मध्ये आलेल्या जावा भाषेतही पहिल्या प्रोग्रॅमला असाच शब्दांचा फौजफाटा लागे. 2025 मध्ये, म्हणजे 30 वर्षांनी, तिच्या रचनाकारांनी नवशिक्यासाठी तो कमी केला. उलट 2009 मध्ये जाहीर झालेली गो ही भाषा 25 राखीव शब्दांवर अडून बसली होती. कोणत्याही प्रकारच्या माहितीला चालेल असा भाग एकदाच लिहिण्याची सोय तिने नाकारली होती. 2022 मध्ये तिला ती द्यावी लागली. एक भाषा जड होती, तिला हलके व्हावे लागले. दुसरी हलकी होती, तिला थोडे वजन उचलावे लागले. तोल एकदा साधला आणि काम झाले, असे येथे होत नाही.

लोगो : शब्द घडवणारी भाषा

आतापर्यंतचे भांडण 'थोडे हवे की पुष्कळ हवे' असे दिसते. तिसरा एक मार्ग आहे. भाषा लहान ठेवायची, पण वापरणाऱ्याला तिच्यात नवे शब्द घडवू द्यायचे.

लोगो 1967 मध्ये अमेरिकेत वॉली फॉयर्झाइग, सेमूर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी रचली. तिचा पाया जॉन मॅकार्थींच्या 1958 च्या लिस्प भाषेत आहे. पडद्यावरच्या कासवाला 'फॉरवर्ड 100', 'राइट 90' अशा आज्ञा द्यायच्या. चार वेळा हे केले की चौकोन होतो. आता मूल म्हणते, याला मी 'चौकोन' म्हणेन. त्या क्षणापासून 'चौकोन' हा भाषेचा शब्द झाला, 'फॉरवर्ड'च्या बरोबरीचा. मग 'चौकोन' आणि 'त्रिकोण' मिळून 'घर', दहा घरांची 'वस्ती'. भाषा मुलाबरोबर वाढते.

अमेरिकन संगणकतज्ज्ञ गाय स्टील यांनी 1998 च्या एका व्याख्यानात हेच दाखवून दिले. सुरुवातीला ते फक्त एका उच्चारखंडाचे इंग्रजी शब्द वापरत होते. त्याहून मोठा शब्द हवा असेल तर आधी त्याची व्याख्या करायची, मगच वापरायचा, असा नियम त्यांनी स्वतःला घातला. ऐकणाऱ्यांना आधी गंमत वाटली असेल, मग पटले असेल, की शब्द घडवण्याची सोय नसलेल्या लहान भाषेत बोलणे किती कष्टाचे असते!

लोगोत दोष नाहीत असे नाही. एखाद्या शब्दाचे नाव आणि त्या शब्दात साठवलेली किंमत यांतला फरक ती अवतरणचिन्ह आणि विसर्गासारखी दोन टिंबे यांनी दाखवते. लहान मुले येथे हमखास अडखळतात. शिवाय ती 'कासवाची भाषा' म्हणून इतकी प्रसिद्ध झाली की तिच्यात पाण्याचा ताळेबंदही मांडता येतो हे अनेक शिक्षकांच्या लक्षातच आले नाही.

2007 मध्ये आलेली स्क्रॅच ही एका अर्थी लोगोची नात. ठोकळे जोडायचे, त्यामुळे अर्धविराम राहण्याचा प्रश्नच नाही. त्या मुलीचे अश्रू येथे नक्की वाचले असते. पण पहिल्या आवृत्तीत स्वतःचा ठोकळा घडवण्याची सोय नव्हती. ती 2013 च्या दुसऱ्या आवृत्तीत आली. त्यातही उत्तर परत देणारा ठोकळा, म्हणजे आपला 'सरासरी', घडवता येत नाही. उत्तर वेगळ्या चलात ठेवून मागाहून उचलावे लागते. रचनाकारांनी हे मुलांना गोंधळात पाडू नये म्हणून केले असेल. पण आजीकडून लोगोने घेतलेला सर्वांत मोलाचा दागिना नातीला देताना हात आखडला, असे आम्हाला वाटते.

पायथॉन : आजची लाडकी

पायथॉनचे मूळ अॅमस्टरडॅमच्या गणित व संगणक संस्थेतल्या एबीसी या भाषेत आहे. तीही नवशिक्यांसाठी रचलेली, पण तिच्यात बाहेरून भर घालणे अवघड होते आणि ती मागे पडली. त्या गटात काम केलेल्या खीडो फान रॉसम यांनी 1991 मध्ये पायथॉन प्रसिद्ध केली आणि भर घालण्याची दारे उघडी ठेवली. राखीव शब्द आज 35 आहेत, बरोबर पास्कलइतके! म्हणजे शब्द मोजून भाषेचा सोपेपणा कळत नाही हेही सिद्ध झाले.

आपले पाण्याचे गणित तिच्यात बेसिकइतक्याच ओळींत होते आणि 30 दिवस की 31 हा प्रश्न उद्भवत नाही. आणखी एक गोष्ट मराठी शिक्षकांना आवडेल. 2008 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांची नावे देवनागरीत देता येतात. 'पाऊस', 'क्षेत्र', 'गहू' अशी नावे संगणक मुकाट्याने स्वीकारतो. भाषेच्या स्वतःच्या आज्ञा मात्र इंग्रजीच.

पण लाडकीचेही परीक्षण व्हायला हवे. समजा, गेल्या वर्षीची पावसाची यादी 'जुनी' या नावाने आहे. मुलगी लिहिते, 'नवी = जुनी'. मग 'नवी'तला पहिला आकडा बदलते. 'जुनी' पाहते तर तिथलाही आकडा बदललेला! नव्या वहीत खोडले आणि जुन्या वहीतले पुसले गेले. कारण येथे दुसरी वही झालीच नाही, एकाच वहीला दोन नावे मिळाली. 'नवी = जुनी' ही ओळ दिसायला अतिशय सोपी आहे, म्हणूनच ती फसवते. सी++ निदान तोंडावर तरी कठीण आहे. पायथॉनचे काही कठीणपण हसऱ्या चेहऱ्यामागे आहे.

2018 मध्ये भाषेत एक लहानशी सोय घालायची की नाही यावरून मोठा वाद झाला. हिशेब करता करताच त्याच्या उत्तराला नाव देऊन एक ओळ वाचवण्याची ती सोय. ती स्वीकारली गेली, पण वादाला कंटाळून जुलै 2018 मध्ये खुद्द फान रॉसम यांनी भाषेच्या प्रमुखपदाचा भार खाली ठेवला. एक ओळ वाचवायची की एक नियम वाढवायचा? प्रश्न इतका लहान आणि भांडण इतके मोठे, कारण प्रत्येक भर ही लिहिणाऱ्याला भेट असते आणि वाचणाऱ्यावर कर असतो.

शिक्षकांसाठी तीन प्रश्न

'कोणती भाषा उत्तम?' या प्रश्नाला उत्तर नाही. पण कोणतीही भाषा समोर आली तर तीन प्रश्न विचारता येतात.

एक : पहिल्या दिवशी मुलाला किती ओळी अर्थ न कळता लिहाव्या लागतात? बेसिक, लोगो, स्क्रॅच, पायथॉन येथे उत्तम. सी++ नापास.

दोन : मुलाला स्वतःचा शब्द किती लवकर घडवता येतो, आणि तो भाषेच्या शब्दांच्या बरोबरीचा ठरतो का? लोगो पहिली. पायथॉन, पास्कल आणि सी++ ठीक. जुनी बेसिक नापास, स्क्रॅच काठावर.

तीन : चूक झाली तर भाषा काय बोलते, आणि दुसऱ्याने लिहिलेले वाचून कळते का? येथे पास्कलची शिस्त उपयोगी पडते, स्क्रॅचचे ठोकळे चूक होऊच देत नाहीत. पायथॉन काही वेळा गप्प राहते.

सगळे मिळून आमचा कौल असा. प्राथमिकला स्क्रॅच, पण तेथे रेंगाळू नये. त्यानंतर लोगो किंवा पायथॉन, आणि पायथॉन शिकवताना वहीचे ते उदाहरण पहिल्या महिन्यातच मुद्दाम दाखवावे. सी++ जरूर शिकवावी, पण ज्याला वेगाची आणि मोठ्या कामाची गरज समजली आहे त्याला.

अभ्यासक्रमात जे आहे ते शिक्षकाला उद्या बदलता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरी दोन गोष्टी हातात असतात. पहिली, संगणकाला हात लावण्याआधी पाण्याचा ताळेबंद मराठीत, कागदावर, पायरी पायरीने लिहून घ्यावा. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने त्यातली प्रत्येक ओळ जशीच्या तशी करून दाखवावी. आपल्या सूचनेत काय राहिले हे मुलांना तेथेच कळते. दुसरी, चुकांची यादी पडद्यावर आली की वर्गाला मोठ्याने सांगावे, की यातली कोणती चूक आपल्या विचारातली आणि कोणती भाषेच्या हट्टाची. हा फरक सांगायला अर्धा मिनिट लागतो.

त्या दिवशी तो कोणी सांगितला नाही. आम्हीही मागच्या बाकावर बसून गप्प राहिलो, याची खंत अजून आहे.